खाऱ्या पाण्याचा बंदोबस्त

१८४६ सालच्या शरद ऋतूत इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की या गावी गेलेल्या ॲना थिन नावाच्या एका जिज्ञासू बाईंनी खडकाला चिकटलेले काही जिवंत प्रवाळ एका दगडी बरणीत घालून लंडनला आपल्या घरी आणले, आणि समुद्र दूर राहिलेल्या त्या महानगरात ताज्या खाऱ्या पाण्याचा पुरवठा अखंड चालू ठेवणे दुर्घट आहे असे ध्यानात येताच, आहे तेच पाणी पुनःपुन्हा वापरण्याजोगे करण्याची एक युक्ती योजिली. घरातील एका पोरसवदा मोलकरणीने उघड्या खिडकीपाशी उभे राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून पुन्हा पहिल्यात अर्धा-पाऊण तास ओतीत राहावे, असा तो उपाय होता. पुढे त्यांनी समुद्री वनस्पतींचीही जोड त्याला दिली, आणि ते प्रवाळ जवळजवळ तीन वर्षे लंडनच्या त्या घरात नांदले. आज बाजारात हजारो रुपयांना मिळणाऱ्या पंपांचे, फेस काढणाऱ्या यंत्रांचे आणि नळ्यांच्या जंजाळाचे मूळ पुरुष शोधू लागलो, तर आपण त्या मोलकरणीच्या दोन हातांपाशीच येऊन पोहोचतो.

त्यानंतर हा छंद भराभर पसरला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांना पाहण्यासाठी मत्स्यगृह उघडले, १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि मध्यमवर्गीय दिवाणखान्यात काचेची टाकी असणे हे सुसंस्कृततेचे लक्षण ठरले. आपल्याकडे सामान्य माणसाने समुद्रातले रंगीत मासे काचेपलीकडे पोहताना पाहिले ते बहुधा मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर सुरू झालेल्या त्या संस्थेने कित्येक पिढ्यांतल्या शाळकरी मुलांना काचेला नाक लावून उभे केले. परंतु सार्वजनिक मत्स्यालयाजवळ मोठमोठे हौद असतात, तैनातीला माणसे असतात आणि समोरच्या रस्त्यापलीकडे प्रत्यक्ष समुद्र असतो. दोन खोल्यांच्या सदनिकेत चार फुटी टाकी ठेवणाऱ्या गृहस्थाजवळ यांपैकी काहीही नसते, आणि समुद्र जे काम आपल्या अफाटपणाच्या बळावर करतो ते त्याला यंत्रांच्या व हिशेबाच्या बळावर करावे लागते.

बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो. आरंभी दुकानदार एक बंद डब्याचा गाळक, म्हणजे ज्याला कॅनिस्टर फिल्टर म्हणतात तो, गळ्यात बांधतो. दोन क्लाऊन मासे येतात, मग एक पिवळा टँग येतो, मग पाहुण्यांच्या आग्रहाखातर आणखी काही येते. आणि वर्षभराने काचेवर तपकिरी थर चढू लागला, पाण्याला पिवळसर झाक आली, मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडू-मिटू लागले, म्हणजे गृहस्थाच्या मनात ‘आता मोठा फिल्टर घेतला पाहिजे’ हा विचार पक्का होतो. विचार रास्तच असतो. मात्र मोठे यंत्र आणून जुने काढून टाकले की काम झाले, ही जी समजूत त्याच्यासोबत येते, तिच्यामुळे जेवढ्या टाक्या उजाड झाल्या असतील तेवढ्या रोगराईनेही झाल्या नसतील.

याचे कारण असे की गाळक म्हणजे तो डबा नव्हे. मासे जे खातात त्याचा मोठा अंश त्यांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया या रूपाने पाण्यात उतरतो, आणि समुद्राचे पाणी अल्कधर्मी, साधारण ८.१ ते ८.४ सामूचे असल्यामुळे त्या अमोनियाचा विषारी अंश गोड्या पाण्यातल्यापेक्षा येथे पुष्कळ अधिक असतो. या विषाचा निकाल लावणारे कोणतेही यंत्र नाही. ते काम सूक्ष्म जीवाणू करतात. काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे काही त्या नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी असे नायट्रेट करतात, आणि ही साखळी मातीत कशी चालते हे सर्गेई विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास दाखवून दिले. हे जीवाणू पाण्यात मोकळे फिरत नाहीत. दगड, वाळू, स्पंज, चिनीमातीच्या नळ्या, जेथे ऑक्सिजनयुक्त पाणी सतत वाहते तेथे ते वस्ती करतात, आणि ही वस्ती वाढते फार सावकाश. सामान्य जीवाणूंची संख्या अनुकूल स्थितीत वीस-पंचवीस मिनिटांत दुप्पट होत असेल, तर यांना त्यासाठी कित्येक तास, प्रसंगी एक संपूर्ण दिवसही लागतो. म्हणूनच नवी टाकी ‘पिकायला’ चार ते सहा आठवडे लागतात, आणि म्हणूनच जुना डबा एका दुपारी उचलून गच्चीवर धुवायला नेणारा मनुष्य, आपण एक यंत्र बदलीत आहोत अशा समजुतीने, वर्षभर जोपासलेली आणि माशांच्या जिवाला आधार असलेली सबंध वसाहतच बरखास्त करीत असतो.

मग बदल करावाच कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर त्या डब्याच्या रचनेतच आहे. बंद डब्यात केरकचरा अडकतो हे खरे, परंतु अडकलेला कचरा पाण्याच्या प्रवाहातच पडून कुजत राहतो; डोळ्यांना पाणी स्वच्छ दिसते आणि नायट्रेटची पातळी मात्र महिन्यागणिक चढत जाते. पाण्यात विरघळलेला सेंद्रिय मल तर या डब्याला मुळीच अडवता येत नाही. १९८६ साली जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेने अमेरिकेत लोकप्रिय झालेल्या ठिबक गाळकांचीही पुढे हीच तक्रार निघाली: प्लॅस्टिकच्या काटेरी गोळ्यांवरून पाणी ठिबकत जाई, अमोनियाचा निकाल चटकन लागे, परंतु त्यातून निघणाऱ्या नायट्रेटचे काय करावे हे कोणाला उमगत नसे. त्याच सुमारास जर्मनीत रूढ झालेल्या आणि बर्लिन पद्धत या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रीतीने त्यावर मार्ग काढला. मल कुजण्याआधीच फेसाच्या रूपाने पाण्याबाहेर काढावा, आणि उरलेले काम सच्छिद्र समुद्री खडकावर सोपवावे, ज्याच्या अंतर्भागात ऑक्सिजन न पोहोचल्यामुळे नायट्रेटचेही विघटन होते.

आपल्या देशात या पद्धतीचा उत्तरार्ध जसाच्या तसा उचलता येत नाही, आणि हे छंदिष्टांनी नीट समजून घेतले पाहिजे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली खडक-प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे दाखल झाले. तेव्हापासून मालवणच्या किंवा अन्य कोणत्याही भारतीय किनाऱ्यावरील प्रवाळ आणि त्यांसह उचललेला जिवंत खडक घरी आणणे हा गुन्हा आहे, मग दुकानदार कितीही बेफिकिरीने तो काउंटरखालून काढून दाखवो. आपल्याकडील सज्जन मत्स्यपालक म्हणूनच सच्छिद्र चिनीमातीचे ठोकळे किंवा कृत्रिम खडक वापरतात. ते जीवाणूंनी भरायला वेळ लागतो एवढेच. मासे निवडतानाही समुद्रातून पकडलेल्यांपेक्षा टाकीत जन्मलेले क्लाऊन घ्यावेत. केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेने त्यांच्या प्रजननाचे तंत्र सिद्ध केलेले आहे, आणि असे मासे बंदिवासातील अन्नाला व पाण्याला सरावलेलेही असतात.

आता प्रत्यक्ष योजनेकडे वळू. मोठा बदल म्हणजे टाकीखालच्या कपाटात दुसरी एक टाकी बसवणे. तिला सम्प म्हणतात. वरच्या टाकीतले पाणी काठावरून आपल्या वजनाने खाली उतरते, कापडी पिशवीतून गाळले जाते, फेस काढणाऱ्या यंत्राच्या कप्प्यातून जाते आणि शेवटच्या कप्प्यातला पंप ते पुन्हा वर चढवतो. या रचनेचे लाभ अनेक आहेत: एकूण पाणी वाढते आणि पाणी जितके अधिक तितके त्यातील फेरफार मंद, हीटर, पंप, नळ्या दृष्टिआड जातात, वरच्या टाकीतील पातळी सदैव तीच राहते, आणि काठावरून पाणी घेतले जात असल्यामुळे पृष्ठभागावर साचणारा तेलकट पापुद्रा आपोआप निघून जातो. दोष एकच, परंतु तो भयंकर आहे. वीज गेली की पंप थांबतो, आणि पाणी खाली येण्याचे थांबत नाही.

हा हिशेब कागदावर मांडल्यावाचून कोणी काचेला हात लावू नये. १२० सेंटीमीटर लांब आणि ४५ सेंटीमीटर रुंद अशा नेहमीच्या टाकीत पाण्याचा एक सेंटीमीटर थर म्हणजे ५.४ लिटर पाणी. पंप चालू असताना पाण्याची पातळी ओव्हरफ्लोच्या, म्हणजे पाणी ज्यावरून खाली उतरते त्या, काठापेक्षा थोडी वर असते. पंप थांबल्यावर साधारण तीन सेंटीमीटर पाणी उतरले, तर सोळा लिटर, आणि ओव्हरफ्लोच्या पेटीतले व नळ्यांतले मिळून आणखी पाच-सहा, असे बावीस लिटर पाणी सम्पमध्ये जमा होते. खालचा सम्प ७५ सेंटीमीटर लांब, ३५ रुंद आणि ४० उंच असेल व चालू स्थितीत त्यात वीस सेंटीमीटर पाणी असेल, तर काठाखाली दोन सेंटीमीटर सोडून सुमारे ४७ लिटरांची जागा शिल्लक राहते. बावीस लिटर त्यात निर्वेध मावतात. आता समजा, पाणी वर नेणाऱ्या नळीचे तोंड कोणी शोभेसाठी पृष्ठभागाखाली दहा सेंटीमीटरवर लपवले. पंप थांबताच तीच नळी उलट्या दिशेने पाणी ओढू लागते आणि तोंड उघडे पडेपर्यंत ओढतच राहते. दहा सेंटीमीटर म्हणजे ५४ लिटर, वर नळ्यांतले सहा, एकूण साठ. जागा, अगदी काठापर्यंत धरली तरी, सुमारे साडेबावन्न लिटरांची. उरलेले सात-आठ लिटर खारे पाणी दिवाणखान्याच्या फरशीवर, कपाटाच्या प्लायवूडमध्ये आणि, दैव अगदीच प्रतिकूल असेल तर, खालच्या मजल्यावरील बिऱ्हाडाच्या छतात जाते, आणि त्यानंतर गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांचे जे पत्र येते त्यात प्रवाळांच्या सौंदर्याविषयी अवाक्षर नसते.

यावर नळीला पृष्ठभागालगत एक बारीक भोक पाडून ठेवतात, म्हणजे पातळी थोडी उतरताच त्यातून हवा शिरते आणि ओढ तुटते. भोक असावे, पण केवळ त्यावर विसंबू नये, कारण शेवाळाचा एक पुंजका किंवा एखादी गोगलगाय ते बुजवायला पुरते. नळीतील एकमार्गी झडपेचीही तीच कथा. खाऱ्या पाण्यात तिच्यावर क्षार बसतात आणि ज्यासाठी तिला बसवले तो प्रसंग आला असता ती नेमकी अर्धवट उघडी राहते. नळीचे तोंडच पृष्ठभागापासून दोन सेंटीमीटरपेक्षा खाली नेऊ नये, हा उपाय सर्वांत साधा आणि सर्वांत खात्रीचा.

रिकामी नवी टाकी असेल तर पाणी खाली उतरवण्यासाठी मागच्या काचेला भोके पाडून घेता येतात, मात्र ती काच टेम्पर्ड नसल्याची खातरजमा आधी केली पाहिजे, अन्यथा हिऱ्याची करवत टेकताच सबंध पाट चुरा होऊन हातात येतो. भोकात बसणाऱ्या बल्कहेड नावाच्या जोडाला रबरी चकती बसते ती डोक्याच्या बाजूला, पाण्याकडे. मागची चक्री हाताने आवळून वर जेमतेम पाव फेरा द्यावा, पाना लावून जोर करू नये. माशांनी भरलेल्या चालू टाकीला भोके पाडणे शक्य नसल्यामुळे पुष्कळ जण काठावर टांगायची, उलट्या यू आकाराच्या नळीतून पाणी ओढणारी पेटी घेतात. तिच्यात धोका उलट दिशेचा असतो: वीज परत आली, पंप सुरू झाला, पण नळीत हवा साचून ओढ मात्र सुरू झाली नाही, तर पंप खालचे पाणी वर चढवीत राहतो आणि वरची टाकी काठोकाठ भरून सांडते. अशा वेळी सम्पच्या शेवटच्या कप्प्यात पंपाला उपसता येण्याजोगे पाणीच इतके थोडे ठेवावे, की ते सगळे वर गेले तरी वरच्या टाकीच्या मोकळ्या काठात मावेल. आपल्या उदाहरणात वर तीन सेंटीमीटर जागा असेल तर ते पाणी सोळा लिटरांहून कमी हवे. माझे मत विचाराल तर असली पेटी हा तात्पुरता इलाज आहे. चार दिवस मासे मोठ्या पिंपात हवेच्या पंपावर ठेवून टाकीला रीतसर भोके पाडून घेणे अधिक शहाणपणाचे.

नळकाम आपल्या प्लंबरकडून करून घेताना एकदा शेजारी बसावे. ते बिचारे आयुष्यभर न्हाणीघरांचे काम करीत आलेले असतात आणि त्यांचा हात सवयीने पितळी कॉक, सफेदा आणि सुताकडे जातो. पितळेतून पाण्यात उतरणारे तांबे माशांना एक वेळ सोसते, पण कोळंबी, शंख, समुद्रफूल यांना ते अगदी अल्प प्रमाणातही घातक आहे. म्हणून सर्व साहित्य प्लॅस्टिकचे असावे, आट्यांना फक्त टेफ्लॉनची पट्टी लावावी आणि पीव्हीसीचे सोल्युशन लावलेले जोड निदान एक दिवस वाळू द्यावेत. पंपाच्या वर एक युनियन, म्हणजे हाताने उघडता येणारा जोड, अवश्य बसवावा. पंप धुण्यासाठी काढायची वेळ वर्षातून तीन-चारदा येते आणि युनियन नसला तर दर वेळी नळी कापावी लागते. खाली येणाऱ्या नळ्या दोन असाव्यात, एक नेहमीच्या वाहतुकीसाठी आणि दुसरी थोडी उंच, राखीव. पहिलीत एखादे पान किंवा मासा अडकला तर दुसरी अब्रू वाचवते. पंप घेताना खोक्यावरील आकड्यावर जाऊ नये. तो आकडा पाणी मुळीच वर न चढवता मोजलेला असतो. दीड मीटर चढण आणि दोन-तीन कोपरे पार करताना ताशी तीन हजार लिटरांच्या पंपाचे काम निम्म्यावर आले तर नवल नाही. सव्वादोनशे लिटर पाण्याच्या टाकीला सम्पमधून ताशी तीन ते पाच फेरे पुष्कळ झाले, म्हणजे असा पंप तिला पुरून उरतो.

सगळे जोडून झाल्यावर, मासे व मीठ येण्यापूर्वी, साध्या पाण्याने चोवीस तास यंत्रणा चालवून पाहावी. प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा पसरून ठेवला म्हणजे डोळ्याला न दिसणारी झिरपणही कागदावर उमटते. मग मुख्य परीक्षा: पंपाचे बटण बंद करावे आणि खुर्ची ओढून सम्पसमोर बसावे. पाणी आधी झपाट्याने चढते, मग मंदावते, नळ्यांतून शेवटची गुळगुळ ऐकू येते आणि कुठेतरी, काठाखाली चार बोटांवर, पातळी थबकते. तेथे काचेवर शाईची रेघ मारावी. नंतर पंप सुरू करून चालू पातळीची दुसरी रेघ मारावी. पुढे वर्षानुवर्षे सम्प भरताना या खालच्या रेघेवर पाणी जाऊ द्यायचे नाही, एवढाच शिरस्ता घरातल्या सर्वांना सांगून ठेवावा.

फेस काढणाऱ्या यंत्राविषयी, म्हणजे प्रोटीन स्किमरविषयी, थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण या सर्व संसारात नवलाची वस्तू तीच आहे. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात ज्यांनी उसाचा रस उकळताना पाहिला असेल त्यांना त्याचे मर्म चटकन कळेल: काहिलीत भेंडीचा चिकट रस टाकला की मळी फेसाळून वर येते आणि गुळव्या ती झाऱ्याने काढून टाकतो. स्किमरमध्ये उकळणे नाही आणि भेंडीही नाही. तेथे काम करतात हवेचे अतिसूक्ष्म बुडबुडे. पाण्यात विरघळलेल्या सेंद्रिय रेणूंपैकी पुष्कळांचे एक टोक पाण्याशी सलगी करणारे आणि दुसरे पाण्यापासून पळणारे असते. बुडबुडा भेटताच पळणारे टोक हवेच्या बाजूला वळते आणि रेणू त्या बुडबुड्याच्या कांतीला चिकटून वर जातो. खाऱ्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत, बारीकच राहतात, म्हणून त्यांचे एकूण पृष्ठफळ प्रचंड असते. गोड्या पाण्यात ते चटकन एकत्र येतात आणि म्हणून गोड्या पाण्याच्या लहान टाकीत हे यंत्र जवळजवळ निरुपयोगी ठरते. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्राच्या किनाऱ्यावर जो पिवळट फेस वाऱ्याने उडताना दिसतो तोही याच नियमाचा आविष्कार.

यंत्राच्या पंपाचा पंखा साध्या पात्यांचा नसून सुयांसारख्या दातांचा असतो. तो हवा आणि पाणी एकत्र घुसळून दुधासारखे पांढरे मिश्रण करतो. ते मिश्रण नळकांड्यात वर चढते, गळ्यापाशी बुडबुडे दाटतात, पाणी खाली निथळते आणि घट्ट, तपकिरी फेस काठावरून वरच्या पेल्यात पडतो. दोन दिवसांनी पेला काढला की गडद चहाच्या रंगाचे, नाकाला पदर लावावा असे द्रव्य हाती येते, आणि हेच कालपर्यंत माशांच्या श्वासोच्छ्वासाच्या पाण्यात होते हे कळून यंत्राची किंमत वसूल झाल्याचे समाधान मिळते. हे यंत्र ज्या कप्प्यात बसवायचे तेथे पाण्याची खोली स्थिर हवी, बहुतेकांना अठरा ते तेवीस सेंटीमीटर मानवते. सम्पचा हा कप्पा म्हणूनच ठराविक उंचीच्या आडभिंतीने बांधून घेतात. पातळी दोन बोटे चढली की पेल्यात नुसते पाणी भरते, उतरली की फेस गळ्यापर्यंत पोहोचतच नाही.

नवे यंत्र पहिले आठ-दहा दिवस लहरीपणाने वागते. कारखान्यातल्या तेलकट अंशामुळे कधी फेस धरतच नाही, कधी पेला भरून ओसंडतो. या काळात दर तासाला झडप फिरवीत बसणारे लोक यंत्रापेक्षा स्वतःचेच हाल अधिक करतात. टाकीत हात घातला किंवा तेलकट अन्न टाकले की फेस कित्येक तास बसतो. औषध घातले की उसळतो. गळ्याच्या आतल्या बाजूला साचणारा चिकट थर दोन-तीन दिवसांनी फडक्याने पुसला नाही तर उत्तम यंत्रही निकामी झाल्यासारखे दिसते. आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. खिडक्या बंद करून वातानुकूलित केलेल्या खोलीत माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साचतो, यंत्र तीच हवा पाण्यात घुसळते, आणि पाण्याचा सामू उतरतो. हवा ओढणारी बारीक नळी खिडकीबाहेर नेली की तो पुष्कळदा दुसऱ्याच दिवशी चढतो. १८४६ मध्ये ॲना थिन यांना सामू हा शब्द ठाऊक असणे शक्य नव्हते, तरी खिडकी उघडी ठेवण्याची बुद्धी त्यांना झाली होती.

आता कारभार जुन्याकडून नव्याकडे सोपवण्याची वेळ. सम्प आणि स्किमर सुरू झाले तरी जुना कॅनिस्टर निदान सहा आठवडे तसाच चालू ठेवावा. या मुदतीत सम्पमध्ये घातलेल्या नव्या सच्छिद्र ठोकळ्यांवर जीवाणूंची वस्ती उभी राहते, आणि टाकीत पुरेसा खडक असेल तर तोही भार उचलतो. मग जुन्या डब्यातले साहित्य एकदम न काढता तिसरा हिस्सा काढावा, पंधरवडा थांबावे, पुन्हा तिसरा हिस्सा काढावा. दर दोन दिवसांनी अमोनियाची चाचणी घ्यावी आणि तिचा निष्कर्ष शून्याखेरीज दुसरा काही आला तर पुढचे पाऊल तहकूब करावे. या काळात नवा मासा आणणे सर्वस्वी वर्ज्य. साहित्य धुवायचे झाल्यास टाकीतूनच काढलेल्या खाऱ्या पाण्यात खंगाळावे, नळाखाली नव्हे; महापालिका आपल्या आरोग्यासाठी पाण्यात जे क्लोरीन घालते ते या वसाहतीचा क्षणात निःपात करते.

कापडी पिशवी, कोळसा, फॉस्फेट शोषणारी लोहाची भुकटी, शेवाळ वाढवण्याचा उजेडाचा कप्पा या बाकीच्या साधनांचा तपशील येथे विस्तारत नाही. पिशवी तीन-चार दिवसांनी बदलावी, नाहीतर तिचाच कॅनिस्टर होतो. कोळसा महिन्याने बदलावा. आणि लोहभुकटी प्रथम थोडीच वापरावी, कारण फॉस्फेट एकाएकी खाली आले तर प्रवाळ व समुद्रफुले ग्लान होतात. ही सगळी साधने एकाच आठवड्यात जोडण्याचा मोह मात्र टाळावा. पाणी बिघडले तर कोणामुळे बिघडले याची शहानिशा करता येत नाही.

पाण्याविषयी आपल्या घरांतून एक गैरसमज आहे, त्याचा उल्लेख केला पाहिजे. स्वयंपाकघरात पिण्याच्या पाण्याचे आर.ओ. यंत्र आहेच, तेच टाकीला चालेल असे वाटते. परंतु त्या यंत्रात चवीसाठी थोडे न गाळलेले पाणी किंवा खनिजे मुद्दाम परत मिसळलेली असतात. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, मोजला तर पन्नास-शंभर भरतो. टाकीसाठी तो शून्याजवळ हवा, म्हणून ते मिश्रण बंद करून पुढे रेझिनची नळी जोडावी लागते. टाकीतून वाफ होऊन जाते ते फक्त पाणी, मीठ मागेच राहते. म्हणून रोजची तूट गोड्या शुद्ध पाण्यानेच भरायची आणि दर लिटरमागे सुमारे पस्तीस ग्रॅम मिठाचे प्रमाण कायम राखायचे. सम्प बसवल्यावर ही तूट सगळी शेवटच्या कप्प्यातच दिसते. दोन-तीन दिवस कोणी पाहिले नाही की पंप कोरडा पडून कण्हू लागतो.

राहिला विजेचा प्रश्न. पंपांच्या सर्व तारा प्लगच्या खाली झोल देऊन मग वर न्याव्यात, म्हणजे तारेवरून ओघळणारा थेंब प्लगमध्ये न शिरता झोलाच्या तळाशी टपकतो. आणि या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी., म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, असल्यावाचून ओल्या हाताने काहीही करू नये. भारनियमन अजून जेथे तासन्‌तास चालते तेथे सबंध यंत्रणा इन्व्हर्टरवर घेण्याची गरज नाही. टाकीतला एक लहान प्रवाह-पंप चालू राहिला तरी ऑक्सिजन टिकतो. बंद कॅनिस्टर मात्र कित्येक तास विजेवाचून पडून राहिला तर त्यातील जीवाणू गुदमरतात, आतले पाणी सडते, आणि वीज येताच तो ते सगळे टाकीत ओकतो. आधी डबा रिकामा करून, धुऊन, मगच सुरू करावा.

दहाएक आठवड्यांनी या जुन्या डब्याला सेवेतून मुक्त केले, तरी भंगारात घालू नये. नव्या माशाला मुख्य टाकीत सोडण्यापूर्वी महिनाभर वेगळे ठेवण्याची एक लहान टाकी प्रत्येकाजवळ असावी, आणि तिला हाच डबा गाळक म्हणून शोभतो. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर त्या टाकीत तांब्याचे औषध द्यावे लागते, ते स्पंजात आणि चिनीमातीत मुरून बसते. म्हणून एकदा तेथे गेलेले साहित्य मुख्य टाकीकडे कधीही परत आणू नये. डब्यावर लाल रंगाची पट्टी ओढून ठेवावी, आणि त्या टाकीची बादली, जाळे व नळीही निराळी ठेवावी. ओल्या जाळ्यातून थेंबभर पाणी इकडून तिकडे गेले तरी रोगाला तेवढे पुरते.